यमाची आई

हौसाक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती जनावरांचं खनिज मिश्रण खात होती.

वडूजपासून बारा-पंधरा किलोमीटरवरच्या त्या गावात सरकारी पशुवैद्यक म्हणून हजर होऊन मला चारच दिवस झाले होते. दवाखान्याच्या ओट्यावर एका कंपनीचा माणूस आला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात चकचकीत पाकीट. 'आमची पावडर खाल्ली की जनावराची वाढ दुप्पट' असं तो जमलेल्या सात-आठ शेतकऱ्यांना सांगत होता. तेवढ्यात साठीच्या आसपासची एक काळीसावळी, उंच, हाडापेराने रुंद बाई गर्दीतून पुढे आली. नऊवारीचा काचा वर खोचलेला, पायात नवऱ्याचे असावेत असे लष्करी बूट. तिने त्याच्या हातातलं पाकीट घेतलं, दाताने फाडलं, चिमूटभर पावडर जिभेवर टाकली आणि डोळे मिटून चघळत राहिली.

"अहो मावशी, ते खायचं नसतं," तो माणूस घाबरून म्हणाला.

"मंग जनावरानं काय अंगाला लावायचं व्हय?"

ती आणखी जरा चघळली, मग ओट्याखाली थुंकली. "मीठ हाय. चुना हाय. आन् बाकी नदीची वाळू हाय. दातात करकर वाजतीया." पाकीट त्याच्या हातात परत देत तिने विचारलं, "तू ह्यातलं किती खाल्लंस रं? तुझी वाढ झालेली दिसंना."

तो माणूस खरंच किरकोळ होता. लोक हसले, सभा मोडली. जाता जाता ती माझ्यापाशी थांबली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तुमी नव्या डाक्टरीनबाई व्हय? सांगलीच्या न्हवं? हात बघू." मी हात पुढे केले. तिने तळवे उलटेसुलटे करून पाहिले. "बारीक हाईत. बरं हाय. म्हस अडली तर आत जात्याल."

झाली आमची ओळख.

हौसाक्का रेडे पाळायची. आमच्या भागात हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग दुसरीकडे बघतात. म्हैस सगळ्यांना हवी, रेडा कोणालाच नको. म्हैस व्याली आणि पोटी नर रेडकू आलं की घरात सुतक पडल्यासारखं होतं. त्याला दूध पाजायचं म्हणजे डेअरीच्या कॅनमधलं कमी व्हायचं. मग ते गोठ्याच्या कोपऱ्यात बांधायचं आणि कधी मरतंय याची वाट पाहायची. मारायचं पाप कोणी करत नाही, फक्त जगवत नाहीत. महिना-दीड महिन्यात ते आपोआप सुटतं.

हौसाक्का असली रेडकं घरोघर फिरून गोळा करायची. पोत्यात घालून, गळ्यात अडकवून, एकदा तर एसटीत मांडीवर घेऊन आणलेलं. त्यांना वाढवायचं, तीन वर्षांत त्यांचे डोंगर करायचे आणि मग सरळ मांसासाठी विकायचे. यात ती काही लपवायची नाही. देवळातल्या काकड्याला गेली तरी नाही.

"आवं, त्येंला जगवती मी," एकदा कीर्तनकारबुवांनी तिला पापपुण्याचं ऐकवलं तेव्हा ती म्हणाली. "तुमच्या गोठ्यातलं तीन आठवड्यांत गेलं. माझ्यातलं तीन वरसं खाऊनपिऊन जातंय. आता देवाम्होरं दोगं बी हुबं ऱ्हाऊ, तवा बघू कुनाचं पुन्य जास्ती भरतंय." बुवांनी पुढचा अभंग जरा लवकरच घेतला.

रेडा यमाचं वाहन, म्हणून पोरांनी तिला 'यमाची आई' असं नाव ठेवलं होतं. तिला ते कळल्यावर राग येईल असं वाटलं होतं. उलट ती भेटेल त्याला सांगायची, "औंधात डोंगरावर यमाई हाय, हितं यमाची आई हाय. तिला नारळ फोडा, मला सरकी पेंड आना."

तिचा नवरा सैन्यात होता, निवृत्त होऊन गावी आला आणि दोन वर्षांत हृदयविकाराने गेला. एक मुलगी पुण्यात दिली होती. मुलीने सासरी आपली आई 'दुग्धव्यवसाय' करते असं सांगून ठेवलं होतं. "करती की," हौसाक्का म्हणायची. "रेड्याचं दूध काढती. लय दाट येतंय."

तिच्या गोठ्यात एक भिंत होती, तिच्यावर पंधरा-वीस खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एक सुतळी. एक सुतळी म्हणजे एक जनावर. दर अमावस्येला ती रेडकाच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती सुतळी गुंडाळायची आणि घेर भरेल तिथे गाठ मारायची. मागच्या गाठीपासून नवी गाठ किती बोटं पुढे गेली ती त्या महिन्याची वाढ. मी पहिल्यांदा माझी वजनाची टेप घेऊन गेले आणि छातीच्या घेरावरून वजन कसं काढतात ते सांगायला लागले, तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि भिंतीकडे बोट केलं. शाळेतही माझी इतकी फजिती कधी झाली नव्हती.

सुतळ्यांपेक्षा नावांची गंमत मोठी. ज्याच्या घरचं रेडकू, त्याचंच नाव त्याला. त्यामुळे गावातली निम्मी प्रतिष्ठित मंडळी तिच्या गोठ्यात दाव्याला बांधलेली होती. ती भर रस्त्यावरून मला ओरडून सांगायची, "डाक्टरीनबाई, सरपंच सकाळपास्नं जुलाब करतोय!" किंवा "चेअरमन लय मुसंडी मारतोय वो, त्येला येसन घालाय पायजे." सरपंचांनी एकदा माझ्याकडे तक्रार केली की तुम्ही सरकारी माणूस आहात, काहीतरी करा. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्येंनला म्हनावं, आपलं रेडकू परत न्या. मंग नाव बी परत."

सरपंच पुन्हा आले नाहीत.

माझं आणि तिचं पहिलं भांडण झालं ते वाड्यावरून. कालव्याचं पाणी आल्यापासून त्या कोरड्या मुलखात ऊस उभा राहिला होता, आणि उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, फुकट मिळतं म्हणून जो तो जनावरांना तेच घालत होता. हौसाक्काही. तिची रेडकं भिंती चाटत होती, दगड चघळत होती, एकाने तर माझ्या स्कूटीच्या सीटचा कोपरा खाल्ला. मी तिला सांगितलं की नुसतं वाडं घातलं तर हाडातला चुना जातो. वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडा, कडबा मिसळा आणि रोज भिजवलेल्या पेंडीच्या आंबोणातून चांगलं खनिज मिश्रण द्या.

"वाळू?" ती म्हणाली.

"सगळ्यांत वाळू नसते आक्का."

"बघू." तिने सहा रेडकं निवडली, सारख्या वयाची. तिघांना मिश्रण, तिघांना नाही. "तुमचं खरं निघालं तर साऱ्या गावाला सांगीन. खोटं निघालं तरी सांगीन."

दोन महिने गेले. दोन अमावस्यांच्या गाठी पडल्या. सहाही सुतळ्या जवळपास सारख्याच. मिश्रण खाणारी तिघं काडीभरही पुढे गेली नव्हती. मी रोज सकाळी तिच्या गोठ्यापुढून जायचं टाळायला लागले, तर हीच दवाखान्यात आली. हातात पत्र्याचा डबा. डब्यात शेण आणि शेणात पांढरे, शेवयांसारखे लांब जंत वळवळत होते.

"ह्येंनला तुमचं औशद लय आवडलंय बगा," ती म्हणाली. "माझ्या रेडकांचं आंबोन ह्येच खात्यात."

माझे कान तापले. जंतांचं औषध आधी द्यायचं, मग पोषण, ही गोष्ट आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मी मोठ्या तोऱ्यात खनिजं सांगितली आणि आधीचं पान विसरले होते. ती मला बोलेल असं वाटलं. तिने डबा टेबलावर ठेवला आणि पदराने घाम पुसला.

"आधी पोटातलं भाडेकरू हाकलायचं, मंग घरमालकाला जेवाय घालायचं. व्हय का न्हाई? द्या औशद. सायबांनला सांगत न्हाई मी."

सहाही रेडकांना जंताचं औषध दिलं, तीन आठवड्यांनी पुन्हा दिलं. त्यानंतरच्या तीन गाठींत मिश्रणवाली तिघं चार-चार बोटं पुढे गेली, अंगावर तकाकी आली, भिंत चाटणं थांबलं. हौसाक्काने कबूल केल्याप्रमाणे साऱ्या गावाला सांगितलं, पण स्वतःच्या पद्धतीने. बाजाराच्या दिवशी पारावर उभी राहून ती म्हणाली, "डाक्टरीनबाईंचं खरं निघालं! उशिरा निघालं, पर निघालं!"

माझ्या सहीच्या दाखल्यावर तिचे रेडे ट्रकने बाहेर जायचे. ती स्वतः ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून जायची, कारण वाटेत जनावरांना पाणी कोण दाखवणार. एकदा दुपारी तिचा फोन आला. पलीकडे बराच गोंगाट. कुठल्याशा फाट्यावर चार-पाच तरुणांनी ट्रक अडवला होता. आत गाई आहेत असा त्यांना संशय होता.

"बाई, जरा ऐका हं," ती मला म्हणाली आणि फोन कानाला तसाच धरून त्या पोरांकडे वळली. "गाय कुठं दिसली रं तुला? ह्ये शिंग बघ. ह्ये कातडं बघ. आरं, मायच्या दुधाबिगर वाडलास व्हय? तुज्या घरी म्हस न्हाई?"

कोणीतरी काहीतरी बोललं.

"बाई न्हाई, बाप्या हाय त्यो! वाक खाली आन् बघ. वाक की! लाजतोस कशाला, त्यो लाजतोय का?"

मग हशा ऐकू आला. एक पोलीस आला, त्याने कागद पाहिले, माझ्याशी दोन वाक्यं बोलला. ट्रक सुटला. संध्याकाळी ती परतली तेव्हा मी तिला विचारलं की भीती नाही वाटली का. ती बुटांची नाडी सोडायला लागली.

"लय वाटली," ती म्हणाली. "पाय लटलट करत हुते. म्हनून तर ट्रकातनं खाली उतरली न्हाई."

तिच्या शेजारी बापू राहायचे. टापटीप माणूस, दोन म्हशी, एक गाय, अंगणात फरशी. हौसाक्काच्या गोठ्याचा वास येतो म्हणून त्यांनी ग्रामपंचायतीत तीनदा अर्ज दिला होता. तिच्याशी बोलणं बंद. फक्त सुतळ्यांची वाढ मात्र ते कुंपणावरून गुपचूप बघत असावेत, कारण आपलीही जनावरं तशी भरावीत असं त्यांच्या मनाने घेतलं. कोणाला विचारलं असतं तर कमीपणा आला असता. त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात युरिया आणि मळी घालून वैरण कशी सुधारावी ते सांगितलं होतं. किती घालायचा, किती दिवस मुरवायचा, हा भाग बहुतेक त्यांनी पुढे सरकवला. उसाला आणलेल्या युरियाच्या पोत्यातून त्यांनी ओंजळी भरल्या आणि सरळ पेंडीत कालवल्या.

मी त्या दिवशी कामासाठी वडूजला होते. दुपारी हौसाक्काचा फोन आला.

"बाई, बापूच्या गोठ्यात जनावरं पडाय लागलीत. थरथराय लागल्यात. फेस येतोय. पोट फुगलंय."

"काय खाल्लंय?"

"त्यो सांगंना. रडतोय नुसता. पर मी म्हशीच्या तोंडाचा वास घेतला. मुतारीवानी वास मारतोय, नाकात जातोय."

मला लगेच कळलं. पोटात युरियाचा अमोनिया झाला होता. अशा वेळी आम्ल लागतं, भरपूर गार पाणी लागतं, आणि वेळ अजिबात नसतो. मी तिला सांगितलं की शुद्धीवर आहेत त्यांना जमेल तेवढं गार पाणी पाजा, डोकं फार वर उचलू नका, मी व्हिनेगर घेऊन येते.

"काय घिऊन?"

"सिरका. आंबट."

"मंग बोलत काय बसलीस? पळ की गं!"

'तुमी'चं 'तू' तेव्हा झालं, ते कायमचं.

वडूजमध्ये दुपारी तीन वाजता लिटर-लिटरने व्हिनेगर कुठे मिळणार? दोन किराणा दुकानांत मिळून चार छोट्या बाटल्या निघाल्या. मग मला स्टँडजवळच्या चायनीजच्या गाड्या आठवल्या. त्या संध्याकाळी लागतात, पण एका गाडीवर माणूस कोबी चिरत बसला होता. मी त्याच्याकडचा पाच लिटरचा आख्खा कॅन मागितला. त्याने शेजारच्या गाडीवाल्याचाही कॅन आणून दिला आणि विचारलं, "मॅडम, किती माणसांची ऑर्डर आहे?"

"तीन," मी म्हणाले, आणि दोन्ही कॅन स्कूटीवर पायांत घालून निघाले.

पोहोचले तेव्हा बापूंचं चकाचक अंगण चिखलाने भरलं होतं. अर्ध्या गल्लीतल्या बाया घागरी घेऊन ओळीने उभ्या होत्या आणि हौसाक्का म्हशीची मान मांडीवर घेऊन बसली होती. मी नळी घातली, पोटातला वायू काढला, व्हिनेगर आणि पाणी सोडलं. एकामागून एक. हौसाक्का हलली नाही. म्हशीने तिच्या हाताला शिंग मारलं, मनगट सोललं, तरी तिने मान सोडली नाही. ती त्या म्हशीला शिव्या देत होती, अशा शिव्या की माझ्यामागे नळी धरून उभा असलेला तलाठी खाली बघायला लागला.

गाय उठली. एक म्हैस तासाभराने उठली. हौसाक्काच्या मांडीवरची उठली नाही.

बापू गोठ्याच्या खांबाला टेकून बसले होते, तोंड पांढरं पडलेलं. सात-आठ वर्षांत पहिल्यांदाच ते तिच्याशी बोलले. "आक्का, चुकलं माझं."

"माझ्यापाशी कशाला?" तिने मांडीवरच्या म्हशीच्या कानामागे हात फिरवला. "हिच्यापाशी म्हन."

आणि बापू खरंच पुढे आले, त्या म्हशीपाशी ओणवे झाले आणि ढसाढसा रडले. मग हौसाक्काने त्यांच्या पाठीवर दोन थापट्या मारल्या, जोरात, ढोरांना मारतात तशा. "ऊठ. गायीला ऊन लागतंय. तिला सावलीत घे. आन् रेडकू कुठं हाय हिचं?"

मेलेल्या म्हशीचं दोन महिन्यांचं रेडकू मागच्या कोपऱ्यात दाव्याला होतं, पोट खपाटीला गेलेलं. ते तिने सोडलं आणि कोणाला न विचारता आपल्या गोठ्यात नेलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव बापू. खुद्द बापूंनी कधी हरकत घेतली नाही. ग्रामपंचायतीतला चौथा अर्ज आला नाही. उलट कुंपणापाशी उभे राहून ते विचारायचे, "आक्का, बापू दूध पितोय का?" आणि आतून उत्तर यायचं, "पितोय. तुज्यापरीस शाना हाय."

गावात तीन वर्षं झाल्यावर माझी बदली झाली, सांगली जिल्ह्यात. शेवटच्या दिवशी मी तिच्याकडे गेले ते सहीसाठीच. आठ मोठे रेडे जायचे होते, त्यांना तपासून दाखला द्यायचा होता. सगळे ठणठणीत, पाठी सपाट, छात्या भरलेल्या. ट्रक मागे लावला, फळी टाकली. पण पहिलाच रेडा फळीपाशी अडला, नाकपुड्या फुगवून मागे सरकायला लागला. ड्रायव्हरने काठी उगारली.

हौसाक्काने काठी हिसकावून कुंपणापलीकडे भिरकावली. पदर खोचला आणि ती स्वतः फळीवरून ट्रकमध्ये चढली. आतून तिने नुसतं "चल रं बाबा, चल" असं म्हटलं. आठही रेडे एकामागून एक तिच्यामागे फळीवरून चढून आत गेले, शाळेतल्या पोरांसारखे. मग ती त्यांच्यामधून वाट काढत, कडेकडेने फळीवरून खाली आली आणि फळी वर उचलायला लावली. त्या खेपेला ती ट्रकबरोबर गेली नाही. गुडघे दुखत होते. भाच्याला पाठवलं.

इतक्या वर्षांत मी जे विचारलं नव्हतं ते त्या दिवशी विचारलं. "आक्का, वाईट वाटत नाही?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजूनही आधीचं पान विसरलेय.

"ती माझ्या मागनं वर चडली, बगितलंस न्हवं? ड्रायव्हरच्या मागनं चडली असती तर वाटलं नसतं." ती थांबली. "वाटतं. न वाटून कसं चालंल? ज्येला वाटत न्हाई त्यानं ह्यो धंदा करू नये. त्यो जनावराला पानी बी पाजायचा न्हाई."

मी वाकून नमस्कार करायला गेले तर ती मागे सरली. "पायाला शेन हाय, येडे. सांगलीला जायचंय न्हवं तुला? सासरी न्हाई चाललीस. जा आता."

मी निघाले. फाटकाबाहेर स्कूटी लावली होती. हेल्मेट घालताना सहज वळून पाहिलं. हौसाक्का आतल्या खोलीतून आंबोणाची मोठी बादली घेऊन निघाली होती, बूट ओढत, गुडघ्यावर हात ठेवत. मोठ्या रेड्यांच्या गोठ्यात शिरली आणि सवयीने पहिल्या गव्हाणीत बादली तिरकी केली. अर्धं आंबोण पडल्यावर तिचा हात थांबला. समोर दावी नुसतीच लोंबत होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, कोणी पाहत तर नाही ना, आणि मग मोठ्यांदा एक सणसणीत शिवी हासडली. शिवी कोणाला, ते कळलं नाही. बादली खाली ठेवून ती गव्हाणीच्या कडेवर बसली.

मी स्कूटी सुरू केली नाही. वळणापर्यंत ढकलतच नेली.